गाण्यांचे ओळखक्रमांक : एक परीक्षण

भिवंडीतील कोणत्याही यंत्रमाग कारखान्यात गेलात तर विणून झालेल्या कापडाच्या ताग्यावर काही आकडे लिहिलेले दिसतात. ताग्याचा क्रमांक आणि लांबीचे मीटर एवढे तरी त्यात असतेच. तेथून नाशिक महामार्गाकडे, माणकोलीच्या बाजूला निघालात की गोदामांची रांग लागते. तेथील खोक्यांवर काळ्या रेघांची पट्टी असते आणि तिच्याखाली तेरा अंक छापलेले असतात. ज्या नक्षीवरून कापड विणले तिला व्यापारी आणखी तिसऱ्याच नावाने किंवा क्रमांकाने ओळखतात. नक्षी कोणती, तागा कोणता आणि खोका कोणता, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि म्हणून त्यांची उत्तरे देणारे क्रमांकही तीन आहेत. गोदामातला मुनीम त्यांची गल्लत करत नाही, कारण केली तर माल चुकीच्या गावी जातो.

गाण्यांच्या व्यवहारातही असेच तीन क्रमांक आहेत. आज बहुतेक गाणी तबकडीवर किंवा ध्वनिफितीवर न येता इंटरनेटवरून येतात. कोणते गाणे किती वेळा वाजले याची मोजणी संगणक करतात आणि त्या मोजणीवरून गायक, संगीतकार, कवी व कंपनी यांच्यात पैसे वाटले जातात. संगणकाला गाणे 'ऐकून' कळत नाही. तो क्रमांक वाचतो. तेव्हा क्रमांक चुकला तर पैसेही चुकीच्या गावी जातात. या क्रमांकांची रचना कशी आहे, तिच्यात काय चांगले आहे आणि काय कच्चे राहिले आहे, हे तपासण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे. वर्गात गणित, जीवशास्त्र किंवा संगीत यांपैकी काहीही शिकवणाऱ्यांना त्यात उपयोगी पडेल असे बरेच आहे.

एक गीत, किती ध्वनिमुद्रणे?

आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेले आणि सुधीर फडके यांनी संगीत दिलेले 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झाले. वर्षभर चाललेल्या या मालिकेत एकूण ५६ गीते होती. आकाशवाणीवर ती माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, राम फाटक, ललिता फडके अशा अनेकांनी गायली. पुढे सर्व गीते फडके यांच्या एकट्याच्या आवाजात तबकडीवर आली. त्याखेरीज त्यांनी केलेले जाहीर कार्यक्रम आहेत, आणि नंतरच्या गायकांनी गायलेली गीते तर मोजता येणार नाहीत इतकी आहेत.

आता यातील कोणतेही एक गीत घ्या. शब्द आणि चाल मिळून जी रचना झाली ती एकच आहे. तिचा क्रमांक तो 'आंतरराष्ट्रीय प्रमाण संगीतकृती संकेतांक', व्यवहारात आयएसडब्ल्यूसी. 'टी' हे अक्षर, नऊ अंक आणि शेवटी एक पडताळ्याचा अंक अशी त्याची रचना असते. माणिक वर्मांनी गायले काय किंवा फडक्यांनी गायले काय, हा क्रमांक बदलत नाही. ही झाली आपली नक्षी.

मात्र माणिक वर्मांचे मुद्रण आणि फडक्यांचे मुद्रण या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. फडक्यांनी तेच गीत दोन वेगळ्या दिवशी गायले असेल तर तीही दोन मुद्रणे होतात. अशा प्रत्येक मुद्रणासाठी असतो तो 'आंतरराष्ट्रीय प्रमाण ध्वनिमुद्रण संकेतांक', म्हणजे आयएसआरसी. हा आपला तागा. आणि तीच गीते पुढे तबकड्यांचा संच, ध्वनिफीत, सीडी, इंटरनेटवरील संग्रह अशा रूपांत बाजारात येतात तेव्हा प्रत्येक प्रकाशनाला खोक्यावर असतो तसाच रेघांच्या पट्टीचा क्रमांक मिळतो. गंमत अशी की इंटरनेटवरील संग्रहाला ना खोका असतो, ना दुकानातला गल्ला, तरीही त्याला खोक्याचाच क्रमांक लावतात. डिजिटल प्रकाशनांसाठी अठरा अक्षरांचा एक वेगळा संकेतांक तयार केला गेला होता. पण धंद्याची सवय जुन्या पट्टीचीच होती आणि ती सुटली नाही.

ताग्याची उपमा एका ठिकाणी तुटते, तेही सांगायला हवे. तागा एकदा विकला की संपला. ध्वनिमुद्रणाच्या मात्र हव्या तेवढ्या प्रती निघतात आणि प्रत्येक प्रत मूळ मुद्रणाइतकीच 'तीच' असते. त्यामुळे 'तेच मुद्रण' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न कापडाच्या व्यापाऱ्याला कधी पडत नाही, तो इथे पडतो. या लेखातील बरीचशी तक्रार याच प्रश्नाशी येऊन थांबते.

मेणावर कोरलेला क्रमांक

मुद्रणाला क्रमांक देण्याची कल्पना नवी नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांची गाणी मुद्रित झाली. त्या काळी मुद्रण भारतात होई, पण तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होऊन येत. गाणे संपताच गौहर जान इंग्रजीत स्वतःचे नाव सांगतात. भाषा न कळणाऱ्या परदेशी कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे ओळखता यावे म्हणून ही पद्धत होती, असे जुन्या तबकड्यांचे अभ्यासक सांगतात. ओळख आणि आवाज एकाच खोबणीत कोरलेले, त्यामुळे एकाला सोडून दुसरे जाऊच शकत नव्हते. ओळखक्रमांकाचा विचार करताना हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे असे मला वाटते.

याशिवाय मेणाच्या मूळ तबकडीवर एक क्रमांक कोरला जाई आणि तो पुढे प्रत्येक प्रतीवर, मधल्या कागदी चकतीच्या आसपास उमटे. हा मुद्रणाचा क्रमांक. चकतीवर छापलेला सूचिक्रमांक वेगळा, तो विक्रीसाठी. संग्राहक आजही आधी कोरलेला क्रमांक पाहतात, कारण चकती बदलता येते पण कोरलेला आकडा बदलत नाही.

ध्वनिफितीच्या काळात ही सोय गेली. १९८० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात कोळीगीते, भीमगीते, भारुडे आणि कव्वाल्या यांच्या फिती लहानलहान कंपन्यांनी काढल्या. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्यांचा आवाज घराघरांत पोचला तो या फितींवरून. चुंबकीय फितीवर आवाजाखेरीज आकडा कोरायला जागाच नसते; जी माहिती होती ती प्लॅस्टिकच्या डबीतल्या कागदावर. कागद हरवला की फीत अनाथ झाली. सीडीत आवाजाच्या अंकांबरोबर आयएसआरसी साठवण्याची तरतूद होती. एमपीथ्री धारिकेतही तशी जागा आहे, पण ती भरलीच पाहिजे असे बंधन नाही आणि कोणालाही ती खोडता येते. म्हणजे तंत्र जसजसे पुढे गेले तसतशी ओळख आवाजापासून सुटी होत गेली.

बारा अक्षरांची फोड

आयएसआरसीचे आंतरराष्ट्रीय मानक १९८६ साली प्रथम प्रसिद्ध झाले. १९८९ पासून त्याची व्यवस्था ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या जागतिक महासंघाकडे आहे आणि भारतातील काम 'इंडियन म्युझिक इंडस्ट्री' ही संस्था पाहते. संकेतांकात बारा अक्षरे असतात. एक कल्पित उदाहरण घेऊ : आयएन–एक्सवायझेड–०५–००१२३. पहिली दोन अक्षरे देशाची, पुढची तीन नोंदणीधारकाची, मग वर्षाचे दोन अंक आणि शेवटी त्या वर्षातला पाच अंकी अनुक्रमांक. एका नोंदणीधारकाला एका वर्षात एक लाख मुद्रणे नोंदता येतात. रोमन लिपीतील २६ अक्षरे आणि १० अंक वापरून तीन स्थानांवर ३६ × ३६ × ३६, म्हणजे ४६,६५६ नोंदणीधारक एका देशात मावतात. मोठ्या देशांना तेही अपुरे पडले. अमेरिकेला 'यूएस'बरोबर 'क्यूएम' आणि 'क्यूझेड' अशी ज्यादा अक्षरे घ्यावी लागली.

या रचनेतील एक गुण आधी मान्य करू. मुद्रणाची मालकी बदलली तरी संकेतांक बदलायचा नाही, असा नियम आहे. कंपन्या विकल्या जातात, बुडतात, एकमेकींत विलीन होतात. त्यांच्याबरोबर गाण्यांची ओळख बदलत गेली असती तर जुन्या नोंदींचा काहीही उपयोग उरला नसता. हा नियम करणाऱ्यांना दूरदृष्टी होती.

पण मग त्याच संकेतांकात देश आणि वर्ष कशासाठी? कोणीही शहाणा माणूस आमचे कल्पित उदाहरण वाचून म्हणेल की हे गाणे भारतातले आणि २००५ सालचे. दोन्ही अनुमाने चुकीची ठरू शकतात. देशाची अक्षरे सांगतात की नोंदणीधारकाला संकेत कोणत्या व्यवस्थेतून मिळाला. गाणे कुठे मुद्रित झाले ते सांगत नाहीत. समजा, भिवंडीतील एखाद्या भजनी मंडळाने आपले अभंग मुद्रित करून परदेशी वितरकामार्फत इंटरनेटवर आणले. त्यांना बहुधा वितरकाच्या खात्यातला संकेतांक मिळेल आणि तो 'क्यूझेड'ने सुरू होणारा असू शकेल. पखवाज भिवंडीचा, टाळ भिवंडीचे आणि ओळख अमेरिकेची! (हीच गल्लत मालाच्या पट्टीबाबतही होते. ८९० ने सुरू होणारा माल भारतात बनलेला असतो असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात त्या अंकांवरून फक्त कंपनीने क्रमांक भारतीय संस्थेकडून घेतला एवढेच कळते.) २०१९ च्या सुधारित मानकात पहिली पाचही अक्षरे मिळून एकच 'पूर्वांक' मानला आहे, म्हणजे त्यांतून देश वाचू नका असेच सुचवले आहे. पण अक्षरे तीच राहिली आणि वाचणाऱ्यांची सवयही.

वर्षाचे अंक याहून अधिक घातक आहेत. ते संकेतांक दिल्याचे वर्ष दाखवतात, मुद्रणाचे किंवा प्रकाशनाचे नव्हे. १९५५ साली प्रकाशित झालेल्या तबकडीला कंपनीने २००५ साली संकेतांक दिला तर त्यात '०५' येणार. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९५५ ची तबकडी १ जानेवारी २०१६ पासून हक्कमुक्त झाली. '०५' वर विसंबणारी एखादी आज्ञावली मात्र तिला २०६५ संपेपर्यंत कुलूप लावून ठेवील. एखाद्या शाळेने स्नेहसंमेलनाच्या चित्रफितीत ती तबकडी वापरली तर तिला हरकत घेतली जाऊ शकते, आणि हरकत घेणारे यंत्र आपल्या माहितीप्रमाणे प्रामाणिकच असेल.

इथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. तबकडी मुक्त झाली म्हणून गीत मुक्त होत नाही. गीताच्या शब्दांवरील हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असतो. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. फडके २००२ साली गेले, म्हणून चालीवरचा २०६२ अखेरपर्यंत. नक्षी आणि तागा यांचे आयुष्य वेगवेगळे आहे. क्रमांक वेगळे का लागतात याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पडताळ्याचा अंक कुठे गेला?

आता रचनेतील ज्या उणिवेचे मला सर्वांत नवल वाटते तिच्याकडे येऊ. हा भाग वर्गात पाटीवर करून पाहण्यासारखा आहे.

मालाच्या पट्टीखालच्या तेरा अंकांपैकी शेवटचा अंक पहिल्या बारांवरून काढलेला असतो. समजा, बारा अंक आहेत ८९०७६५४३२१०९. डावीकडून विषम स्थानांवरील अंक ८, ०, ६, ४, २, ०. त्यांची बेरीज २०. सम स्थानांवरील ९, ७, ५, ३, १, ९ ; बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १२२. पुढची दहाची पट १३०, तिथपर्यंत पोचायला ८ कमी पडतात, म्हणून तेरावा अंक ८. आता मधल्या ६५ ऐवजी चुकून ५६ लिहिले गेले असे समजा. विषम बेरीज १९, सम बेरीज ३५, तिप्पट १०५, एकूण १२४. शेवटचा अंक ६ यायला हवा होता. ८ दिसताच यंत्र कुरकुर करते.

विद्यार्थ्यांना विचारावे की तिप्पटच का, दुप्पट का नाही? ० ते ९ यांची तिप्पट केली तर एकक स्थानी दहाही वेगळे अंक येतात. दुप्पट केली तर ० आणि ५ दोघांचेही एकक ० येते, म्हणजे एकाच्या जागी दुसरा लिहिला तरी कळत नाही. तिपटीने कोणत्याही एका अंकाची चूक हमखास पकडली जाते. शेजारच्या अंकांची अदलाबदल मात्र नेहमी पकडली जात नाही. २ आणि ७ यांची अदलाबदल करून पाहा : २ + २१ = २३ आणि ७ + ६ = १३, दोन्हीकडे एकक ३. ज्या दोन अंकांत ५ चा फरक आहे तिथे ही युक्ती आंधळी आहे. पुस्तकांच्या जुन्या दहा अंकी क्रमांकात अकराने भागण्याची पद्धत होती; ती या बाबतीत अधिक काटेकोर होती.

रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठी आणखी एक उदाहरण. रासायनिक पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत पाण्याचा क्रमांक ७७३२–१८–५ आहे. शेवटचा ५ सोडून उजवीकडून अंकांना १, २, ३ असे गुणत जा : ८ + २ + ६ + १२ + ३५ + ४२ = १०५. एकक ५, पडताळा जुळला. पाण्यासारख्या पदार्थालाही ही काळजी घ्यावीशी वाटली. संगीतकृतीच्या क्रमांकात ती आहे, खोक्याच्या पट्टीत आहे, चलनात न आलेल्या त्या अठरा अक्षरी संकेतांकातही होती. फक्त ज्या संकेतांकावर गाण्याची मोजणी होते, त्या आयएसआरसीत नाही.

याचा परिणाम पाहा. अनुक्रमांक ओळीने दिले जातात. ००१२३ च्या जागी ००१२८ लिहिले गेले तर तो संकेतांक निरर्थक ठरत नाही. तो त्याच कंपनीच्या, त्याच वर्षीच्या, बहुधा त्याच संग्रहातील दुसऱ्या गाण्याचा असतो. चूक दूरच्या अनोळखी ठिकाणी पडली तर लगेच लक्षात येते. शेजारच्या घरात पडली तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. शिवाय नोंदणीधारकाच्या तीन अक्षरांत रोमन अक्षरे आणि अंक दोन्ही चालतात, त्यामुळे 'ओ' आणि शून्य, 'आय' आणि एक यांचा घोळ आहेच.

यावर असा बचाव केला जातो की आता संकेतांक हाताने लिहीत कोण बसते, संगणकच संगणकाला पाठवतो. तो अर्धाच खरा आहे. कुठेतरी, कोणीतरी, पहिल्यांदा तो तक्त्यात टंकलिखित केलेला असतो. संगणक त्या चुकीची फक्त विश्वासू नक्कल करतो.

मूळ नमुना कोणाकडे?

जीवशास्त्रात एखाद्या बेडकाला नवे नाव देताना एक प्रत्यक्ष बेडूक संग्रहालयात जपून ठेवावा लागतो. त्याला प्ररूप नमुना म्हणतात. पुढे वाद झाला की 'या नावाचा बेडूक म्हणजे नेमका कोणता' हे त्या बाटलीतल्या बेडकाशी ताडून ठरवता येते. नाव हे शेवटी एका वस्तूला बांधलेले असते.

आयएसआरसीला असा नमुना नाही. संकेतांक घेताना मुद्रणाची प्रत कुठेही जमा करावी लागत नाही. नोंदणीधारक सांगेल ते नाव, तो सांगेल तो कालावधी. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत जमा कराव्या लागतात. ध्वनिमुद्रणांना तो कायदा लागू नाही. त्यामुळे दोन कंपन्यांनी एकाच जुन्या तबकडीवरून प्रत काढून दोन वेगळे संकेतांक दिले, तर ते एकच मुद्रण आहे हे ठरवायला कोणत्या कपाटाकडे जावे? नियमाप्रमाणे एका मुद्रणाला एकच संकेतांक. पण नियम पाळला की नाही हे पाहणारा डोळा व्यवस्थेत नाही.

संगणकाकडून ऐकवून घेता येईल का? येते. गाण्यातील ठळक कंप्रतांची शिखरे आणि त्यांच्यामधील वेळेची अंतरे टिपून ध्वनीचा 'ठसा' तयार करायची पद्धत २००३ साली शाझम या कंपनीच्या एव्हरी वांग यांनी प्रसिद्ध केली. गोंगाटातही ती चांगली चालते. परंतु जुन्या तबकड्यांच्या बाबतीत एक साधी भौतिक अडचण येते. मिनिटाला ७८ फेऱ्यांसाठी असलेली तबकडी प्रत काढताना ८० फेऱ्यांनी फिरवली, असे समजा. सव्वातीन मिनिटांचे, म्हणजे १९५ सेकंदांचे गाणे १९५ × ७८ ÷ ८० = सुमारे १९० सेकंदांत संपेल. २४० हर्ट्झचा षड्ज २४६ हर्ट्झवर जाईल. कानाला गाणे किंचित चढे वाटेल एवढेच; पण शिखरांच्या जागा आणि त्यांच्यातील अंतरे दोन्ही बदलल्यामुळे मूळ पद्धतीचा ठसा जुळेनासा होतो, आणि कालावधीत पाच सेकंदांचा फरक पडल्याने सूचीतही ते वेगळे मुद्रण ठरते. अशा प्रती काढणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो.

नियमावलीतही या कडेला धूसरपणा आहे. केवळ दुसऱ्या माध्यमावर आणण्यासाठी आवाज ठीकठाक केला तर संकेतांक तोच राहतो. पण जुन्या मुद्रणाचे पूर्ण पुनरुज्जीवन केले, त्यात नवी कारागिरी ओतली, तर नवा संकेतांक द्यायचा. खरखर काढणे कुठे संपते आणि पुनरुज्जीवन कुठे सुरू होते? ते संकेतांक देणाराच ठरवतो, आणि नवा संकेतांक म्हणजे अनेकदा नवी मालमत्ता. हितसंबंध असलेल्या पक्षाकडेच निवाडा सोपवला आहे. माझ्या मते संपूर्ण रचनेतील ही सर्वांत कमकुवत जागा आहे; पडताळ्याचा अंक उद्या जोडता येईल, हा दोष तसा सुटणारा नाही.

हिशेबात न सापडणारे लोक

हे सारे कागदी वाद नव्हेत. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने गाण्यांच्या रचनाकारांसाठी एक मध्यवर्ती संस्था नेमली. २०२१ च्या फेब्रुवारीत गाणी ऐकवणाऱ्या कंपन्यांनी तिच्याकडे सुमारे ४२ कोटी ४० लाख डॉलर सोपवले. गाणी वाजली होती, पैसे बाजूला काढले होते, पण ते कोणाचे हे जुळले नव्हते. मुद्रणाचा क्रमांक एका यादीत, रचनेचा दुसऱ्या यादीत आणि दोहोंना जोडणारी ओळ अपुरी किंवा चुकीची, हे त्यामागचे एक मुख्य कारण. ताग्यावरून नक्षी शोधता आली नाही.

भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कवी आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही अशी तरतूद केली. गायकांची स्वतंत्र संस्था २०१३ साली स्थापन झाली. कायदा चांगला आहे. परंतु हक्क मिळाला तरी हिशेब क्रमांकांवरूनच होणार, आणि ज्या छोट्या कंपन्यांनी फिती काढल्या त्यांच्यापैकी अनेकांचे कागदपत्र आज कुठे आहेत हे कोणी सांगू शकत नाही. ढोलकी कोणी वाजवली, कोरसमध्ये कोण होते, याला तर बारा अक्षरांत जागाच नाही. सुधारित मानकात संकेतांकाबरोबर मुख्य कलाकार, शीर्षक, कालावधी अशी मूलभूत माहिती नोंदण्यावर भर आहे आणि ती माहिती कोणालाही शोधता येईल अशी सोय आंतरराष्ट्रीय यंत्रणेने केली आहे. तिच्यात आपल्या आवडीच्या जुन्या मराठी गाण्याचा शोध घेऊन पाहावा. एकाच मुद्रणाच्या किती नोंदी निघतात, नावाची रोमन अक्षरे किती प्रकारे लिहिली आहेत, हे विद्यार्थ्यांनी मोजले तर तो एक उत्तम प्रकल्प होईल.

याच्या शेजारी एक वेगळे काम ठेवून पाहण्यासारखे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी पुण्यातून चालवलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातील गावोगावच्या बायकांच्या जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. प्रत्येक ओवीला क्रमांक आहे, पण क्रमांकाबरोबर गाणारीचे नाव, तिचे गाव आणि तालुकाही नोंदलेला आहे. या संग्रहाने कोणाला स्वामित्वधन मिळवून दिले नसेल. संगीतकृतीच्या क्रमांकासाठी रचनाकार लागतो आणि ओवीचा रचनाकार एक नसतो, म्हणून त्या रकान्यात फार तर 'पारंपरिक' असे पडेल. तरीही पन्नास वर्षांनी एखादी नात आपल्या आजीचा आवाज शोधत आली तर तिला तो नाव आणि गाव यांच्या आधारे सापडू शकतो. बारा अक्षरांच्या संकेतांकाने तो सापडला नसता.

भिवंडीच्या त्या कल्पित भजनी मंडळाला कोणी सल्ला विचारला, तर तो फारसा तांत्रिक नाही. वितरकाने दिलेला प्रत्येक संकेतांक उतरवून घ्यावा आणि दोनदा ताडून पाहावा, कारण त्याला पडताळा अंक नाही. वितरक बदलला तर तोच संकेतांक पुढे न्यावा. नवा घेतला तर आधीची मोजणी वेगळ्या नावे राहते. मुद्रणाची तारीख आणि ठिकाण, गाणाऱ्यांची आणि साथीदारांची नावे, प्रत्येक अभंगाची चाल कोणाची, हे वहीत लिहावे, आणि मूळ मुद्रणाची एक न बदललेली प्रत त्या वहीबरोबर जपून ठेवावी. आणि मुद्रण संपल्यावर, ध्वनिमुद्रक बंद करण्याआधी, एकाने मंडळाचे आणि गावाचे नाव स्पष्ट आवाजात उच्चारायला हरकत नाही. गौहर जान यांनी १९०२ साली तेच केले होते.